दोन गोळ्या एकदम द्यायच्या का?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

आमचं घर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मालक सुरतेला लूमवर असतात. घरी मी, सासू-सासरे आणि आठ महिन्यांचं बाळ. वाघ्या कुत्रा मालकांनीच सुरतेहून आणलेला. आई जर्मन शेफर्ड, बापाचा पत्ता नाही. आता चार वर्षांचा आहे. त्याच्या गोचिडांच्या गोळ्या मालकच आणायचे आणि मालकच द्यायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. तेव्हा ते येऊन एक गोळी देऊन गेले, दोन कपाटात ठेवल्या आणि ‘महिन्या-महिन्याने द्या’ असं आबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगून गेले. आबांना वाटलं मी देतेय, मला वाटलं आबा देतायत. श्रावणातल्या कानबाईच्या सणासाठी घर झाडायला काढलं तेव्हा भिंतीवर बारीक किडे चढताना दिसले. आता पोळाही होऊन गेला. वाघ्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड भरलेत, काही हरभऱ्याएवढे फुगलेत. काल पाळण्याच्या दोरीवर एक सापडला. आबा म्हणतात, बैलांच्या गोचिडांचं औषध घरात आहे, तेच मारू. सासूबाई म्हणतात रॉकेल लावा, आणि वरून ‘कुत्राले कसाले दवाई!’ हेही ऐकवतात. मालक फोनवर मलाच बोलतात. चार दिवसांपासून वाघ्या अर्धी भाकरी टाकून उठतो, बहुतेक उकाड्याने असेल. तर चुकलेल्या दोन्ही गोळ्या एकदम देऊ का? बैलांचं औषध चालेल का? आणि त्याला घराबाहेर काढावं लागेल का? तो पाळण्याखालीच झोपतो.

— एक ताई, अमळनेर तालुका

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या सगळ्याची उत्तरं देतो. पण आधी जे तुम्ही विचारलं नाही आणि सहज सांगून टाकलं, त्यावर बोलू. चार वर्षांचा धडधाकट कुत्रा, अंगावर दोन-तीन महिने गोचीड, आणि चार दिवसांपासून अर्धी भाकरी टाकतोय. हा उकाडा नव्हे. निदान उकाडा आहे असं धरून बसू नका. आपल्याकडचा कुत्रा मे महिन्याच्या ४५ अंशांतही संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाकरी संपवतो. गोळीचा विचार उद्या केला तरी चालेल, त्याचं रक्त मात्र आज-उद्याच तपासून घ्या.

आबांना ‘गोचीडताप’ हा शब्द नवा नसेल. संकरित गाय ठेवणाऱ्या कुणालाही तो माहीत असतो. कुत्र्यांचा गोचीडताप त्याच घराण्यातला, जंतू वेगळे. आपल्याकडे मुख्यतः दोन सापडतात. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पाडतो. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो. कधी दोन्ही एकाच कुत्र्यात निघतात. एर्लिकियाची लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, खाणं कमी होतं, गाठी सुजतात. इथपर्यंत ठीक, कारण आजार दिसतो तरी. फसवणूक यापुढे होते. काही कुत्रे औषधाविनाच उभे राहतात, खायला लागतात, घरचे म्हणतात बरं झालं, आणि जंतू आत महिनोन्‌महिने मुक्काम करून राहतो. मग एके दिवशी नाकातून रक्त येतं आणि तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं.

वाघ्याची आई जर्मन शेफर्ड, म्हणून आणखी एक सांगतो. हा रोग १९३५ साली अल्जीरियात पहिल्यांदा नोंदवला गेला. तरी जगाचं लक्ष तिकडे गेलं ते व्हिएतनाम युद्धात, जेव्हा अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे याने दगावले. त्यांत शेफर्डांचा भरणा मोठा होता. या जातीत हा ताप जास्त जोर धरतो. गावठी बापाचं रक्त वाघ्याच्या कामी येईलही, पण त्या भरवशावर थांबायला नको.

दवाखान्यात नेण्याआधी घरीच दोन गोष्टी बघा. सकाळी उजेडात बसून त्याचा वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी हवी. अंगठ्याने दाबा, ती पांढरी पडेल. सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी काळी असेल तर डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा. दोन्हीकडे फिकट, पांढुरकं दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. दुसरी गोष्ट लघवी. तो पायरीच्या दगडावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर करतो तिथे रंग नीट दिसतो. कोऱ्या चहासारखी गडद दिसली तर बॅबेसियाचा संशय धरायचा. ताप बघायचा तर नाकाला हात लावून काही कळत नाही, नाक कोरडं म्हणजे ताप ही नुसती समजूत. साधा डिजिटल थर्मामीटर तेल लावून गुदद्वारात धरतात. कुत्र्याचं निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे माणसाला जो ताप वाटेल तो त्याचा रोजचाच. १०३ च्या वर गेलं की ताप. आणि हा थर्मामीटर बाळाच्या डब्यात परत ठेवू नका, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. मी बरीच घरं बघितली आहेत.

ताप दिसला म्हणून क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही घरातून देऊ नका. ब्रुफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. आणि प्लेटलेट आधीच पडलेल्या असतील तर ते विषच.

तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. तिथे कुत्र्याच्या रक्ताची सोय नसेल तर नमुना कुठे पाठवता येईल ते तिथले डॉक्टरच सांगतील. नाहीतर तुम्हाला धुळे जवळ पडतं, जळगाव जरा लांब. दोन्हीकडे फक्त कुत्र्या-मांजरांचं बघणारे खासगी डॉक्टर आहेत. सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी प्लेटलेटसकट, आणि रक्ताची काच, म्हणजे थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एवढं मागा. जमलं तर एर्लिकियाची किट-टेस्ट. निदान एर्लिकियाचं निघालं तर बहुतेक डॉक्सिसायक्लिन लिहून देतील, आणि तो कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. इथे एक मोठी चूक होते. चार दिवसांत कुत्रा भाकरी मागायला लागतो, आणि पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात. कोर्स संपेपर्यंत बंद करू नका. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका आणि वरून पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. बॅबेसियाला औषध वेगळं लागतं. म्हणून ‘एक इंजेक्शन मारून द्या साहेब’ असं म्हणून परत येऊ नका.

आता कपाटातल्या दोन गोळ्या.

एकच द्यायची. चुकलेली गोळी म्हणजे थकलेला हप्ता नव्हे, की दंडासकट एकदम भरला आणि खातं नियमित झालं. मधले महिने जे व्हायचं ते होऊन गेलं, त्या दिवसांचं संरक्षण आता मागे जाऊन मिळत नाही. दुप्पट दिल्याने गोचीड दुप्पट मरत नाहीत. उलट्या, जुलाब, अंग थरथरणं, क्वचित झटके, एवढं मात्र पदरात पडू शकतं. ज्या दिवशी एक गोळी द्याल ती नवी पहिली तारीख. पुढची तिथून मोजायची, आखाजीपासून नाही. हा नियम पाच दिवस उशीर झालेल्यालाही लागू आणि पाच महिने झालेल्यालाही.

पण देण्याआधी पाकीट हातात घेऊन वाचा. मालक ‘महिन्याने’ म्हणाले खरे, पण या गोळ्या दोन प्रकारच्या येतात. अफोक्सोलेनर किंवा सारोलेनर असेल तर महिन्याची. फ्लुरालेनर असेल तर तिचा असर साधारण १२ आठवडे राहतो, आणि तशी असेल तर तुमचा खाडा वाटतो तेवढा मोठा नाही. मग दुसरी गोळी तीन महिन्यांनी. मुदत संपल्याची तारीख बघा. आणि वजन बघा. प्रत्येक पाकिटावर किती किलोपासून किती किलोपर्यंत ते छापलेलं असतं आणि कंपनीगणिक ते बदलतं. २२ किलोचा कुत्रा एका कंपनीच्या १० ते २५ च्या गोळीत बसतो, तर दुसरीच्या २० ते ४० च्या. वाघ्याचं वजन करायला दवाखाना लागत नाही. धान्याच्या दुकानातल्या काट्यावर आबांनी त्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. वाघ्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर या गोळीआधी डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. आता तो खात नाहीये, म्हणून रक्त तपासायला जाल तेव्हा पाकीट सोबत न्या आणि ‘ही आज देऊ का’ असं तिथेच विचारा. एका दिवसाने काही बिघडत नाही.

काही गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते. सासूबाई माळकरी असतील तर गोळी बाहेर ओट्यावर द्या, स्वयंपाकघरातल्या भाकरीत लपवून नको. आणि घरात अजिबातच नको असेल तर मानेवर, दोन खांद्यांच्या मधोमध ओतायचं फिप्रोनिलचं औषध मिळतं. त्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. तुमच्या घरी मात्र बाळ आहे, ते उद्या रांगत जाऊन वाघ्याच्या मानेला लोंबकळेल. केसांवर काही न राहणारी गोळीच मला तुमच्यासाठी बरी वाटते. औषधी पट्ट्यालाही मी याच कारणाने तुमच्या घरात नाही म्हणेन.

बैलांचं औषध नको. आबांचा हेतू चांगला आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर बैल आहे आणि बैलावर ते औषध त्यांनी वर्षानुवर्षं वापरलंय. पण त्या बाटलीत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं, तेही तीव्र, पाण्यात मापाने पातळ करायचं. बैल स्वतःचं सगळं अंग चाटत नाही, कुत्रा चाटतो. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजलेलं औषध वाघ्याच्या पोटात गेलं की लाळ गळणं, थरथर, झटके, किंवा अमिट्राझ असेल तर सुस्ती आणि नाडी मंद. हीच औषधं डॉक्टर कुत्र्यांनाही कधीकधी देतात हे खरं, पण प्रमाण ठरवून. गल्लीत मांजरं असतील तर आणखी जपायला हवं, या मेथ्रिन वर्गातली औषधं मांजराच्या जिवावर बेततात. बैलांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही कुणी ओळखीचा माणूस ‘देऊन टाकतो’ म्हणाला तर नको म्हणा. कोली जातीत आणि काही शेफर्डांत असा जन्मजात दोष असतो की हे औषध थेट मेंदूपर्यंत पोचतं. वाघ्यात तो आहे की नाही हे बघून कळत नाही.

आणि हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपला भाग कपाशीचा, म्हणून लिहितो. कपाशीवर मारायचं कोणतंही औषध कुत्र्याला लावू नका. फवारणीचा पंपही त्या कामाला घेऊ नका, कितीही धुतलेला असला तरी. दर हंगामात असा एखादा कुत्रा दवाखान्यात येतो, तोंडाला फेस, पाय ताठ, आणि मालक म्हणतो, ‘थोडंसंच लावलं होतं’.

रॉकेलने कातडी भाजते, चाटलं तर फुप्फुसात उतरतं, आणि त्रासलेला गोचीड जाण्याआधी आतली लाळ जखमेत ओकतो. नेमकी त्या लाळेतच तापाची बी असते. हळद-तेल लावा, कडुलिंबाच्या पाण्याने धुवा, सासूबाईंचा मान राहील आणि खाज जरा बसेल. गोचीड त्याने मरत नाहीत.

मोठे, फुगलेले गोचीड हाताने काढायला हरकत नाही, पण बोटांनी चिरडायचे नाहीत. भुवया कोरायचा चिमटा घ्या. केस बाजूला करून चिमटा जेवढा कातडीलगत नेता येईल तेवढा न्या, गोचिडाच्या फुगलेल्या पोटाला नाही, त्याच्या तोंडापाशी धरा, आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. थोडा जोर लागतो, मग ‘टप्’ करून सुटतो. शेजारी वाटीत स्पिरिट किंवा साबणाचं दाट पाणी ठेवा आणि त्यात टाका. जमिनीवर टाकून चपलेने चिरडला तर रक्त पसरतं. आणि जिवंत अंगणात फेकले तर गोचिडांसाठी त्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. कानाच्या आत खोल असतील ते डॉक्टरांवर सोडा. वाघ्याच्या हिरड्या फिकट असतील किंवा अंगावर जांभळे डाग असतील तर ओढाओढ अजिबात नको, जखमेतून रक्त थांबायचं नाही.

हे सगळं केलं तरी तुमचं निम्मं काम उरतंच, कारण ते वाघ्याच्या अंगावर नाही. ते भिंतीत आहे.

कानबाईच्या झाडलोटीत तुम्हाला भिंतीवर जे बारीक किडे दिसले ती गोचिडांची पिल्लं. नीट बघितलं असतं तर त्यांना सहाच पाय दिसले असते, मोठ्यांना आठ असतात. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि तिन्ही वेळा पोट भरलं की खाली उतरतो. पिल्लू उतरतं, भेगेत जाऊन कात टाकतं, पुन्हा चढतं. मधल्या वयाचा तेच करतो. शेवटी मादी आठवडाभर रक्त पिऊन हरभऱ्याएवढी फुगते, खाली पडते, सरपटत एखाद्या फटीत जाते आणि तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालून तिथेच मरते. ऊबदार हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. आखाजी ते पोळा म्हणजे त्यांच्या एका पिढीला पुरून उरेल एवढा वेळ. आणि ही जात माणसाच्या घरात सुखाने राहते. तिला रान लागत नाही, खालून वर चढायची सवय असते, म्हणून ते पाळण्याच्या दोरीवर सापडतात. मोठा झालेला गोचीड काही न खाता कित्येक महिने थांबू शकतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आबा समजतात तसे हे बैलांचे गोचीड बहुतेक नाहीत. बैलावरचे वेगळ्या जातीचे असतात, आणि कुत्र्यावर वस्ती करतो तो हा घरातला. म्हणजे गोठा फवारून वाघ्याचा प्रश्न सुटणार नाही. दोन, गोळी दिल्यावर दोन-तीन आठवडे वाघ्याच्या अंगावर जिवंत गोचीड दिसतच राहतील. ते नवे, भिंतीतून उतरून चढलेले. गोळी रक्तात असते, त्यामुळे गोचीड आधी चावतो, मग दिवस-दोन दिवसांत मरतो. लोक याच टप्प्यावर घाबरतात, ‘गोळी नकली निघाली’ म्हणतात आणि दुसरी देऊन टाकतात. तुम्ही तसं करू नका. गोळी दिल्यावर वाघ्या हाच तुमच्या घरातल्या गोचिडांचा सापळा झालेला असतो.

घर कसं करायचं ते सांगतो. तुमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं आहे की सिमेंटचं ते पत्रात नाही. मातीचं असेल तर काम जास्त. वाघ्या जिथे जिथे झोपतो त्या जागा आधी धरा: पाळण्याखाली, ओट्याच्या कडेला, मोरीच्या बाहेर. भिंत आणि जमीन मिळते ती सांध, चौकटीमागची फट, कोनाडा, देवघराच्या फळीची पाठ, उंबऱ्याखाली. जुन्या पोस्टकार्डाने किंवा सुरीच्या पात्याने खरवडा आणि जे निघेल ते साबणाच्या पाण्यात. दगडी जोत्याच्या भेगांत उकळतं पाणी ओता. मग त्या बुजवा, चुन्याने, सिमेंटने, मातीने, जे असेल त्याने. नुसत्या सारवणाने भेग वरून झाकली जाते, आतली अंडी तशीच राहतात, म्हणून आधी उकळतं पाणी, मग सारवण. बाज असेल तर ती उन्हात उलटी टाका. सुतळीच्या गाठी आणि पायांची भोकं ही त्यांची आवडती जागा. वाघ्याचं गोणपाट जाळून टाका, नवं घाला, आणि ते दर आठवड्याला गरम पाण्यात. पाळण्याची दोरी आणि झोळीही.

हे एकदा करून भागत नाही. अंडी पुढेमागे फुटत राहतात, म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा, दिवाळीपर्यंत तरी. दिवाळीची साफसफाई तुम्ही करणारच आहात, ती यातलीच एक धरा. एवढं करूनही भिंतीवर दिसत राहिले तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, ‘कुत्र्याचे गोचीड’ असं स्पष्ट सांगा, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत बाळाला, वाघ्याला आणि पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांना शेजारी हलवा.

पिसवांचं तुम्ही लिहिलं नाही, तरी बघून घ्या. शेपटीच्या मुळाशी केसांत काळी भुकटी दिसली तर ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटका. तांबूस डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. वर सांगितलेल्या गोळ्या पिसवांवरही चालतात. फक्त पिसू गिळली की कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, म्हणून जंताचं औषधही विचारून घ्या.

बाळाबद्दल. हा गोचीड कुत्राच पसंत करतो, पण कुत्रा मिळाला नाही तर माणसाला चावतो, आणि माणसालाही एक गोचीडताप होतो. रोज रात्री अंघोळीनंतर बाळाचे कान, मानेच्या वळ्या, काखा, जांघा, डोक्यातले केस एकदा बघत जा. सापडला तर त्याच चिमट्याने, त्याच रीतीने काढा. पुढच्या दोन आठवड्यांत बाळाला किंवा घरात कुणालाही ताप आणि अंगावर पुरळ आलं तर बालरोगतज्ज्ञांना ‘गोचीड चावला होता’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. एवढं सोडून घाबरायचं कारण नाही.

मालकांशी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाही. पण सुरतेहून फोनवर रागावणं सोपं असतं. गोळी तुमच्याकडून चुकली नाही. ती कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून राहिली. दोन माणसांवर टाकलेलं काम असंच होतं. आता ते एका माणसाच्या नावावर करा, आणि मी तर म्हणेन आबांच्या. शेतकरी माणूस अमावस्या विसरत नाही, त्या दिवशी बैल जुंपायचे नसतात. महिन्याची गोळी असेल तर अमावस्येला बैलाला सुट्टी आणि वाघ्याला गोळी. दोन अमावस्यांमध्ये २९-३० दिवस असतात, गोळीचं गणित बरोबर बसतं. अमावस्येला औषध सुरू करायचं कुणाच्या जिवावर आलं तर पहिली तेवढी आधी देऊन टाका, मग हळूहळू तिथे आणा. दिल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात ‘वा’ लिहायचं, फोनवर नाही, कारण फोन आबांच्या हाती नसतो. मालकांचं काम एवढंच, की शेवटची गोळी उरली असताना पुढचं पाकीट ताप्ती लाइनच्या गाडीने कुणाच्या तरी हाती पाठवायचं. आणि गोळी बाराही महिने. थंडीत गोचीड झोपतात हे थंड मुलुखातलं बोलणं, आपल्याकडे घराच्या भिंती डिसेंबरातही ऊबदार असतात.

राहिला शेवटचा प्रश्न. घराबाहेर काढू नका. गोठ्यात बांधला तर त्याच्यावर कुणाचं लक्ष राहणार नाही, आणि पुढचे पंधरा दिवस लक्ष हेच खरं औषध आहे: किती खाल्लं, लघवी कशी, हिरडी कशी. पण पाळण्याखालची जागा सध्या बंद. ओट्यावर, भिंतीपासून हातभर दूर, उंच पायांच्या पत्र्याच्या किंवा लाकडी पाटावर त्याची झोपायची सोय करा, पावसाची झड लागणार नाही अशी. पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर आणखी बरं. तो रात्री दाराशी येऊन कुरकुरेल, दोन-तीन दिवस कुरकुरू द्या. रक्ताचा रिपोर्ट नीट आला, आणि भिंतीवर किंवा पाळण्यावर सलग महिनाभर एकही गोचीड दिसला नाही, की मग पाळण्याखाली पुन्हा घ्या.